वर गरम, खाली थंड

"सपाटीवर काही नाही हो काका. शेगावले जातो, नांदुऱ्याले जातो, गरमीचा काटा जागचा हालत नाही. बोथ्याचा घाट लागला का तापते." नागसेनने बॉनेट उचलून दांडा लावला. "मागच्या खेपीले अर्ध्या घाटात थांबा लागलं. मायले खाली बसवलं, पाणी टाकलं, तवा कुठं वर चढली."

"काटा खरं बोलते ना तुह्या गाडीचा?" उकंडरावांनी विचारलं.

"तेवढाच तं बोलते. बाकी सगळं खडखड करते."

उकंडराव हसले. खामगावात नांदुरा रोडला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. ही काळी-पिवळी जीप नागसेनच्या वडिलांनी घेतली तेव्हापासून त्यांच्याच हाताखाली होती. वडील गेले, गाडी नागसेनकडे आली. तो खामगाव-बुलढाणा सवाऱ्या भरत असे. पण आठवड्यातल्या दोन खेपांना पुढची जागा कुणालाच मिळत नसे. तिथं त्याची आई बसायची. सोजराबाईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि डायलिसिससाठी तिला बुलढाण्याला न्यावं लागे. उद्या सकाळी तिची पाळी होती.

ती आत्ताही आली होती. शेडबाहेरच्या लिंबाखाली बाजेवर बसून तिथूनच बोलत होती.

"उकंडराव भाऊ, मले डॉक्टर पाणी मोजून देते. घोटभर जास्त झालं का रागावते. अन् ह्या रांडेले बादल्याच्या बादल्या पाजतो माहा पोरगा!"

"करतो सोजराबाई, आज पक्कं करून देतो."

"देजा भाऊ. यष्टीत मले चढणं होत नाही आता."

उकंडराव कामाला लागले. पट्टा ढिला असेल तर पंखा आणि पंप दोन्ही मंद फिरतात, म्हणून आधी पट्टा दाबून पाहिला. ठीक होता. झाकणाचं रबर शाबूत होतं. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडात बराच वेळ बघत राहिले. बुडबुडे येत नव्हते, म्हणजे गास्किट फुटलेलं नव्हतं. ऑइलची काडी काढून पाहिली, ऑइलात पाणी नव्हतं. मग झाकण लावून त्यांनी नागसेनला रेस द्यायला सांगितली. गाडी चांगली तापल्यावर म्हणाले, "कर बंद."

आता राहिली होती ती त्यांची खरी तपासणी. त्यांनी उजव्या हाताचा तळवा रेडिएटरच्या जाळीवर वरच्या कडेपासून खाली फिरवत नेला. आत जिथं नळ्या चोंदलेल्या असतात तिथं गरम पाणी पोचत नाही, जाळी थंड लागते. वर गरम आणि खाली थंड लागली, की जाळी चोंदली समजायचं. कितीतरी गाड्यांचं दुखणं त्यांनी असं नुसत्या तळव्याने सांगितलं होतं. मोठ्या वर्कशॉपात हात टेकले, की लोक गाडी घेऊन त्यांच्याकडे येत.

तळवा वरून खाली गेला. पुन्हा वर आला. सगळीकडे सारखंच लागलं.

"जाळी साफ हाये," ते म्हणाले. "वॉल अडकत असन. चढावर पाणी सोडत नाही बराबर."

त्यांनी थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढला. त्याच्यावर चुन्यासारखा पांढरा थर चढलेला होता. तो नागसेनला दाखवत म्हणाले, "हे पाय. आता हा बसवतच नाही. बिनधास्त जाय."

नागसेनने आईला हाताला धरून उठवलं, पुढच्या जागी बसवलं. जीप गेली.

उकंडरावांना साखर होती. पायांची जाण जाऊन बराच काळ झाला होता. चालता चालता चप्पल निसटे आणि पुढं गेल्यावर लोकांनी हाक मारली की कळे. हातांना मात्र नुसत्या मुंग्या यायच्या. उन्हाळा लागल्यापासून त्या येईनाशा झाल्या. हात बरे होत चालले आहेत, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी घरी बायकोने, कोकिळाबाईंनी, ताट वाढलं. भाकरी मोडायला त्यांनी हात पुढं केला आणि बाईंनी मनगटच धरलं.

"हे काय झालं?"

"काय?"

"फोड आले ना हो हाताले! केवढाले आले, पाहा तं."

उकंडरावांनी तळवा वळवून पाहिला. तळव्यावर आणि बोटांच्या पेरांवर पाणी भरलेले फोड टरारून आले होते. ते बघत राहिले. जणू दुसऱ्या कुणाचा हात आपल्या ताटावर ठेवलेला होता.

"दुखत नाही?"

"नाही."

कोकिळाबाईंनी एका फोडाच्या कडेला बोटाने हळूच दाबलं. "आता?"

दुपार त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. जाळी सगळीकडे सारखी लागली होती. गरम लागली नव्हती आणि थंडही लागली नव्हती. कातडी भाजेपर्यंत हात ठेवला तरी लागलंच नव्हतं काही.

"कोणाची गाडी होती?" बाईंनी विचारलं.

"नागसेनची."

"सोजराबाईले घेऊन जाते तो? उद्याच जाणार असन ना?" त्या उठल्या, खुंटीवरच्या शर्टातून मोबाइल काढून आणला. "लावा त्याले फोन. म्हणा, उद्या ही गाडी काढू नको."

त्यांनी फोन हातात घेतला. नागसेनचं नावही काढलं. मग वाटलं, वॉल तर खराबच होता, आपण डोळ्यांनी पाहिला. कदाचित तेवढंच असेल. आणि फोन करून सांगायचं तरी काय? माझ्या हाताला समजत नाही म्हणून? उद्या स्टँडवर सगळ्यांना कळेल. मग त्या शेडमध्ये आपण कशासाठी बसायचं?

"सकाळी लावतो," ते म्हणाले.

कोकिळाबाई मलम आणायला आत गेल्या.

सकाळी उठल्याबरोबर त्यांनी फोन लावला. लागेना. ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून नागसेन पहाटेच निघाला होता आणि बोथ्याच्या जंगलात रेंज नसते. उकंडराव अंगणात येरझाऱ्या घालत पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. चहा निवून गेला. बऱ्याच वेळाने फोन आला तो नागसेनचाच.

"काका, जाम झाली गाडी. घाटातच. रेंजसाठी वर चालत आलो. या तुमी."

एका ओळखीच्या पिकअपवाल्याने त्यांना नेलं. ऊन तोवर चांगलंच चढलं होतं. सागाची झाडं पार उघडी पडलेली, सावली म्हणावी अशी कुठंच नव्हती. वळणावर जीप बॉनेट उघडून उभी होती. नागसेन दगडावर बसला होता. त्याच्या शर्टावर पाण्याचे डाग वाळले होते.

"माय?" उकंडरावांनी विचारलं.

"गेली. आता एका टेम्पोवाल्यानं नेली. दोघीची जागा होती, सारिकाले पाठवलं संगं." सारिका त्याची बायको, पहाटे जीपमध्ये सोबत निघालेली. "दोन यष्ट्या गेल्या काका, भरून. एकबी थांबली नाही. माय इथं चादरीवर पडून होती. पाणी मांगे. डॉक्टरनं देऊ नको म्हटलं म्हणून झाकणभर देलं. तं म्हणते, गाडीले देलं, मले काऊन देत नाही रे."

तो थांबला. मग म्हणाला, "चूक माहीच हाये. काटा चढला तवाच बंद कराले पायजे होती. थोडासाच घाट राह्यला म्हणून रेटली. तिची पाळी हुकन म्हणून."

उकंडराव जीपजवळ गेले. इंजिनातून अजून धग निघत होती. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"नागसेन, इकडे ये. जाळीले हात लाव. वर लाव."

नागसेनने हात लावला आणि झटकन काढला. "गरम हाये."

"आता खाली."

"खाली..." त्याने पुन्हा लावला. या वेळी हात तिथंच राहिला. "खाली थंडी हाये, काका. अर्ध्याहून जास्त जाळी थंडी हाये." त्याने वळून पाहिलं. "मंग काल तुमी तं साफ हाये म्हणे?"

उकंडरावांनी तळव्याची पट्टी सोडली आणि हात त्याच्यापुढं धरला.

"माह्या हाताले समजत नाही आता. काल भाजला, तरी समजलं नाही."

नागसेन हाताकडे पाहत राहिला.

"संध्याकाळी तुह्या काकूनं दाखवला. तवा समजलं मले."

"संध्याकाळी?"

"हाव."

"मंग फोन काऊन नाही केला?"

"हातात घेतला होता."

घाटात खालून एक ट्रक कण्हत वर येत होता. तो जवळ येऊन पुढं निघून गेला. नागसेन रस्त्याच्या पलीकडे गेला आणि कठड्यावर पाठ करून बसला.

सोजराबाई दुपारी दवाखान्यात पोचली. उशीर झाला तरी तिला मशीनवर घेतलं. मध्येच तिचं बीपी उतरलं, मशीन थांबवावं लागलं. त्यानंतर ती नीट बोललीच नाही. आठवडा सरायच्या आत गेली. हृदय आधीच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. गाडीचं नाव कुणी काढलं नाही. उकंडराव अंत्ययात्रेला गेले. बुद्धवंदना होईपर्यंत सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि मागच्या मागं परतले.

त्या दिवसापासून त्यांनी एकही गाडी हातात घेतली नाही. गिऱ्हाईक आलं की सरळ सांगायचे, "माहा हात गेला. पुढच्या गॅरेजात जा." काहींना ती थट्टा वाटे. शेडमध्ये नागसेनची जीप तेवढी उभी होती, घाटातून ओढून आणलेली. त्यांनी तिचं इंजिन खोललं. पिस्टन चिकटले होते, हेडला तडा गेला होता. रेडिएटर कापला तर खालच्या अर्ध्या नळ्या चुन्याने आणि गाळाने ठासून भरलेल्या निघाल्या. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे नागसेनला सांगायला ते त्याच्या घरापर्यंत दोनदा गेले आणि गल्लीच्या तोंडावरून माघारी फिरले.

शेवटी नागसेनच आला. सोबत ट्रॅक्टर होता. दाढी वाढलेली होती.

"जयभीम काका."

"जयभीम."

"अकोला रोडच्या भंगारवाल्याले देली. न्यायले आलो."

उकंडरावांनी मान हलवली. दोघांनी मिळून इंजिनाचे सुटे भाग मागच्या बाकांवर ठेवले. ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधला. नागसेन स्टेअरिंगवर बसला. उकंडराव शेडच्या खांबाजवळ उभे होते.

"चाला काका," नागसेन म्हणाला.

उकंडराव मागच्या दाराकडे वळले. तिथं लोखंडात कसंबसं अंग चोरून बसता आलं असतं.

"समोर बसा."

ते पुढच्या जागी बसले. भाजलेला हात त्यांनी मांडीवर उलटा ठेवला. ट्रॅक्टरने हिसका दिला आणि जीप आवाज न करता शेडबाहेर पडली. इंजिनाचा आवाज नसल्याने रस्त्यावरचं सगळं ऐकू येत होतं, टायरखालची खडीसुद्धा. दोघं समोरच्या दोराकडे बघत राहिले.

गाव संपता संपता फाट्यावर एक बाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, सोबत शाळकरी मुलगी. काळी-पिवळी येताना बघून तिने हात केला आणि मुलीला पुढं ओढलं. नागसेनचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दोर ताणला गेला, ट्रॅक्टरवाला मागं वळून ओरडला. त्याने पाय काढला. जीप बाईच्या समोरून हळूहळू पुढं सरकली, तसा तो बाहेर वाकून म्हणाला,

"मागून येते दुसरी, मावशी. सावलीत थांबा."