कंठाचा सेल

संध्याकाळचे साडेसहा झाले, की कब्बनपेटेतल्या त्या घरात तुंगाबाई दोन कामे स्वतःच्या हाताने करीत. देवघरातल्या समईत तेल घालीत, आणि शेजारच्या फडताळातून कंठ काढून त्याचा सेल चार्जरवर लावीत. समई विझायची वाट पाहायची नसते, तेल निम्म्यावर येण्याआधीच भरायचे, हा त्यांच्या सासूबाईंचा दंडक होता. बाईंनी तो दंडक सेललाही लावला होता.

कंठ म्हणजे मुठीत मावणारे, विजेरीसारखे दिसणारे एक परदेशी यंत्र. चाळीस वर्षांच्या सिगारेटींनी गुंडूरावांचा गळा पोखरला, आणि त्र्याण्णव साली त्यांचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले. तेव्हापासून ते हे यंत्र गळ्याला टेकवीत, बटण दाबीत आणि ओठ हलवीत. मग यंत्राच्या घुरघुरीतून शब्द उमटत. त्याला चढ नाही, उतार नाही. बंद डबीत भुंगा अडकावा, तसा तो आवाज. घरातल्यांनीच त्याला कंठ हे नाव दिले.

गुंडूराव जाऊन आता दहा महिने झाले होते. तरी सेल रोज चार्ज होत होता. कशासाठी, हे विचारण्याची त्या घरात कोणाची छाती नव्हती.

विचारले असते, तरी बाईंनी खरे सांगितले नसते. कधी कधी दिवेलागणीला, फडताळाचे दार बंद असताना, आतून ती घुरघूर ऐकू येई. बटणावर काहीतरी पडले असेल, असे बाई स्वतःला बजावीत. दार उघडावे, तर कंठ मऊ पंच्यात गुंडाळलेला, निमूट. तरीही त्या घाईघाईने सेल काढून चार्जरवर लावीत. बोलणाऱ्याला मध्येच तोंड मिटायला लावावे, तशा.

कारण शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तेच केले होते.

सेल थकला आहे, हे गुंडूराव दोन महिने सांगत होते. "दुपारीच दम टाकतो. नवा आणा." बाईंचे उत्तर ठरलेले होते, "चालतोय ना? चालतोय तोवर चालवायचा." त्या घरात पातेल्यापासून पडद्यापर्यंत काय बदलायचे आणि कधी, हे बाईच ठरवीत. त्या संध्याकाळी गुंडूराव पलंगावर उठून बसले आणि त्यांनी कंठ गळ्याला लावला.

"तुंगा, ऐक. मी..."

आवाज बारीक होत गेला आणि विझला. ओठ मात्र हलत राहिले. पाटी होती, पण त्या आठवड्यात त्यांचा हात इतका थरथरे की पेन्सिल ठरत नसे. भरल्या पंगतीत नुसत्या नजरेने कामे सांगणाऱ्या बाईंना नवऱ्याचे ओठ काही वाचता आले नाहीत.

"थांबा आता," त्या म्हणाल्या. "रात्रभर चार्ज होऊ दे. काय ते सकाळी सांगा."

गुंडूरावांनी त्यांच्याकडे पाहिले आणि कंठ त्यांच्या हातात दिला. उजाडायच्या आत ते गेले. चार्जरवरचा तांबडा दिवा तेवढा जळत होता.

बेचाळीस वर्षांच्या संसारात, कंठ येईपर्यंत, त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. "ऐकलं का" एवढ्यावर सगळे भागे. कंठ आला, तेव्हा त्यातून "तुंगा" ही दोन अक्षरे सगळ्यांत स्वच्छ उमटतात, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि उतारवयात बाईंना नवऱ्याच्या तोंडून आपले नाव ऐकायला मिळाले. त्यामुळे ते नाव बाईंच्या कानात त्या घुरघुरीसकटच राहिले होते. आणि त्याच्यापुढचे ते अर्धे वाक्य.

एका शनिवारी दुपारी दोघे जण दारात आले. साठीकडे झुकलेला, गळ्याला मफलर गुंडाळलेला पुरुष आणि त्याची विशीतली मुलगी.

"नमस्कार आई. मी शिवलीला, हे आमचे अप्पा, कल्लाप्पा," मुलगी म्हणाली. "आम्ही चिकोडीकडचे. अप्पांचं आपरेशन होऊन तीन महिने झाले. दवाखान्यातल्या सिस्टरनी तुमचा पत्ता दिला. तुमच्याकडं ते बोलायचं यंत्र हाय म्हणं."

सून वासंती दाराजवळच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. तिने सासूकडे चोरून पाहिले.

"आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांचं काम काय?"

"बोम्मसंद्राच्या कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर फोरमन हायत. साहेब म्हणतो, महिन्याअखेर आवाज न्हाई आला तर गेटवर बसवतो."

कल्लाप्पांनी आपल्याजवळच्या पाटीवर लिहून ती पुढे धरली. 'गेट नको.'

"घरात मात्र बरं चाललंय," शिवलीला म्हणाली. "तीन महिने झाले, आमच्या आईला कोण उलट बोलत न्हाई." कल्लाप्पांनी तिच्या डोक्यावर पाटी उगारली, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत कोणीतरी हसले.

बाई हसल्या नाहीत. नाही म्हणावे, असे शब्द त्यांच्या ओठांशी आले होते. पण दारी आलेल्याला वस्तू न दाखवता परत धाडणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. त्यांनी फडताळ उघडले.

दवाखान्यात कल्लाप्पांनी असल्या यंत्राचा सराव केला होता. त्यांनी मफलर सैल केला, कंठ गळ्याला टेकवला आणि बटण दाबले.

"नमस्कार, आई. बरं हाय नव्हं?"

गुंडूराव बोलले.

शब्द चिकोडीकडचे होते, पण आवाज त्यांचाच होता. तोच भुंगा, तीच एकसुरी ओढ. वासंती खुर्चीवरून झटकन उठली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. सासरे बोलू लागले, की ती असेच करी. आपण काय केले, हे तिला पदर घेऊन झाल्यावर कळले. तशीच ती उभी राहिली. मांडीवरच्या शेंगा जमिनीवर सांडल्या होत्या.

"लई उपकार होतील," आवाज म्हणाला. "मी..."

आणि तो बारीक होत होत विझला. कल्लाप्पांचे ओठ हलत राहिले.

बाईंनी भिंतीला हात टेकला. क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, "वासंती, माझ्या चपला."

एस. पी. रोडवर प्रदीपकुमारचे दुकान होते. प्रदीपकुमार बाईंच्याच समाजातला, विजेच्या सामानात मुरलेला. त्याने सेल मीटरला लावला, मग एक छोटा दिवा जोडून पुन्हा लावला.

"बघा अम्मा. नुसता धरला तर आठ व्होल्ट दाखवतो. कामाला लावला, की पाचावर येतो. आणि ही बुडाला पांढरी बुरशी. हा वर्षापूर्वीच बदलायला हवा होता."

"वर्षापूर्वी," बाई म्हणाल्या.

"सकाळी भरलेला सेल दुपारी दम टाकायला लागला, की समजायचं त्याचे दिवस भरले. रोज चार्ज करत होता?"

"रोज. दिवेलागणीला."

"संपलेला असो, नसो?"

"संपू द्यायचा कशाला?"

प्रदीपकुमार हसला. "अम्मा, ही समई नव्हे! ह्या जातीच्या सेलला अर्ध्यावरच भरायची सवय लावली, तर तो अर्ध्यालाच पूर्ण समजतो. मधून मधून त्याला पार उतरू द्यायचा. मग भरायचा."

आपण कशावर हसलो, हे त्याला ठाऊक नव्हते. बाई काउंटरवरच्या त्या चौकोनी तुकड्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याचे वाक्य त्यांच्याच शिस्तीने खाल्ले होते. रोज थोडे थोडे, हळदीकुंकवाच्या बोटांनी.

प्रदीपकुमारने दोन नवे सेल पुढे ठेवले. वरून दोन्ही सारखेच, एकाच मापाचे. "ह्याच्या पोटात सहा बारके सेल, ह्याच्यात सात. तुमचा जुना सहाचा. यंत्राला दोन्ही चालतात. सातवाल्याला जोर स्वल्प जास्त. ऐकून ठरवा."

आधी सहाचा बसवला.

"हॅलो, हॅलो," कल्लाप्पा म्हणाले. नव्या सेलवर गुंडूरावांचा आवाज पहिल्या वर्षी होता तसा भरून आला. बाईंनी डोळे मिटले. मग सातचा बसवला. "हॅलो, हॅलो." हा उंच आणि टणक होता, पलीकडच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने वळून पाहिले. हा कोणी दुसराच माणूस होता.

"पुन्हा पहिला लावा," बाई म्हणाल्या.

पहिला लावला गेला. बाई कल्लाप्पांच्या जवळ गेल्या. कधी कोणाकडे काही मागितले नव्हते, त्यामुळे त्यांना मागायचे शब्द सापडेनात.

"एक वाक्य म्हणा," त्या शेवटी हळू म्हणाल्या. "'तुंगा, ऐक. मी.' त्याच्यापुढं तुम्हाला सुचेल ते."

शिवलीलेने वडिलांकडे पाहिले. कल्लाप्पांनी कंठ गळ्याला लावला. त्यांची नजर खाली होती.

"न्हाई, आई," गुंडूरावांचा आवाज म्हणाला. "तुमचं नाव मी कसं घेऊ? ते ज्यांचं, त्यांनीच घ्यायचं."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. रागाने नव्हे. त्यांनी पदर सारखा केला आणि नेहमीच्या करड्या आवाजात विचारले, "कारखान्यात तुमची हाक किती लांबून ऐकू जावी लागते?"

शिवलीलेने उत्तर दिले. "प्रेस सुरू असतात. कुणाचा हात आत ऱ्हायला, तर अप्पांनी शेडच्या ह्या टोकावरनं 'निल्सी', थांबवा, म्हणून वरडायचं, की तिकडल्या टोकाचा माणूस प्रेस थांबवतो. मागं दोघांची बोटं वाचली तशी."

"सहावर ऐकू जाईल?"

कल्लाप्पांनी दोन्ही सेलांकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे मान हलवली. नाही.

"सातचा द्या, प्रदीपकुमार. कंठ त्यांनाच, चार्जरही. आणि शिवलीला, दिव्याबरोबर चार्ज करायचा नाही. दमला, म्हणाले, की बदलायचा. ते म्हणतील त्या दिवशी. समजलं?"

"सरी, आई," शिवलीलेने मान डोलावली.

"जुना इथंच ठेवा अम्मा," प्रदीपकुमार म्हणाला. "झिरपेल तो." बाईंनी ऐकले नाही. जुना सेल रुमालात बांधून त्या घरी आल्या.

साडेसहाला त्या देवघरात गेल्या. जुना सेल त्यांनी रिकाम्या फडताळात ठेवला आणि दार लावून घेतले. तेलाची बुधली उचलली, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

फडताळातून घुरघूर येत होती.

कंठ बोम्मसंद्राला गेला होता. आत बटण नव्हते, की बटणावर पडायला काही नव्हते. बाईंनी दार उघडले नाही. बुधली खाली ठेवून त्या पाटावर बसल्या, अंगाभोवती पदर घेऊन, सासऱ्यांपुढे बसत तशा.

"बोला," त्या म्हणाल्या. "मी ऐकते आहे."

घुरघूर चालू राहिली. तिच्यात शब्द होते की नव्हते, हे त्यांनी ताडून पाहिले नाही. समईची वात तेल शोषत होती. दाराशी पावले वाजली.

"सासूबाई," वासंती म्हणाली, "तेल घालायचं राहिलं का? वात खाली गेलीय. घालू मी?"

आणि मग तिलाही ते ऐकू आले असावे, कारण ती उंबऱ्यावरच उभी राहिली, आणि तिचा हात आपोआप पदराकडे गेला.

"थांब," तुंगाबाई म्हणाल्या. "त्यांचं पुरं होऊ दे."