उलट्या बाजूची विचारपूस

आमचे हे पोटाच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलच्या खाटेवर पडले आणि आमच्या साऱ्या गोतावळ्याला एकदम साहित्य सुचायला लागलं. माझ्या फोनवर उगवते सूर्य, दवबिंदू आणि हात जोडलेली गुटगुटीत बाळं यांचा रतीब सुरू झाला. ह्यांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

'ईश्वर आपणास शक्ती देवो,' असं माझ्या मामेभावाने लिहिलं होतं.

"शक्ती राहू दे म्हणावं. आधी वारा सरू दे," हे कण्हत म्हणाले.

खरंच सगळं त्यावरच अडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "आजोबा, व्हरांड्यात चालायचं. चाललात तर आतडी सुरू होतील, वारा सरेल. नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल." त्यामुळे हे शिव्या देत का होईना, माझ्या खांद्याला धरून दारापर्यंत जाऊन येत होते.

आमच्या आत्याबाईंनी लिहिलं होतं, 'आमच्या शेजाऱ्यांचंही अगदी हेच ऑपरेशन झालं होतं. फार सज्जन माणूस होता.' तो मेसेज मी मनातल्या मनात वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"दुकानातून काही?" ह्यांनी विचारलं. दर वेळी शेवटी एवढंच विचारायचे.

दुकान म्हणजे आमचं शिवणकामाचं दुकान. हे कापड कापतात, माझे धाकटे दीर शिवतात. मशीनच्या खडखडाटात एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून दोघं भाऊ जे काही बोलायचं ते कापडाच्या उलट्या बाजूला खडूने लिहितात. 'आंधळ्या, खिसा कुठे आणि पोट कुठे?' असं भाऊजींनी लिहावं आणि 'तुझ्या शिलाईपेक्षा मुंग्या सरळ चालतात,' असं ह्यांनी परत लिहावं. कपडा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ब्रश मारला की भांडण साफ. जन्मात हे दोघं एकमेकांशी एक चांगला शब्द बोललेले नाहीत, पण एक आल्याशिवाय दुसरा डबा उघडत नाही.

आणि भाऊजींचा मेसेज आला. मी मोठ्या हौसेने वाचायला घेतला. 'आदरणीय दादा, तू आम्हा सर्वांचा दीपस्तंभ आहेस. तुझ्या प्रेमळ सावलीत आम्ही वाढलो. तुझ्यासारखा कारागीर पुन्हा होणे नाही.'

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"डॉक्टर त्याच्याशी काय बोलले?"

"काही नाही हो."

"खोटं बोलू नकोस. तो मला कारागीर म्हणाला. माझं आटोपलंय, आणि तुम्ही सगळे लपवताय."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. चालायचं नाव काढेनात. मी विनवलं, नर्स ओरडली, उपयोग शून्य. पोट तट्ट फुगत चाललं आणि डॉक्टरीणबाई तासातासाला येऊन ते दाबून बघू लागल्या. मला धडकी भरली. मला रडू यायला लागलं की आधी राग येतो, म्हणून मी तडक दुकान गाठलं.

"भाऊजी, हे काय लिहून पाठवलंत? भाषण होतं की श्रद्धांजली?"

भाऊजींनी मशीन थांबवलं. "मी नाही वहिनी, लेकीने लिहिलं. ती शाळेत शिकवते ना. माझं वाचून म्हणाली, बाबा, आजारी माणसाला असं लिहितात का?"

"तुम्ही काय लिहिलं होतं?"

ते मशीनच्या सुईत दोरा ओवायला लागले.

"तुमचे दादा घाबरलेत हो. मरायला टेकल्यासारखे पडलेत," मी म्हणाले. "तुमचं तुम्ही लिहा. आत्ता."

समोर ह्यांनी ॲडमिट व्हायच्या आधी कापलेला कोट होता. एक बाही बसवून झालेली, दुसरी तशीच. भाऊजींनी ती उलटी केली आणि खडू घेतला. लिहून झाल्यावर त्यांनी गळ्यातल्या टेपने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "खडूची धूळ फार उडते."

खडू पुसला जाऊ नये म्हणून ती बाही मी दोन्ही हातांवर आडवी धरून नेली. रस्त्यात लोक बघत होते, बघोत. वॉर्डात शिरले आणि एक अक्षर न बोलता ती ह्यांच्या छातीवर पसरली.

'गाढवा, ही बाही माणसाची की विजेच्या खांबाची? खांद्याला जोडायचा मुंढा बोटभर कमी कापलायस. लोळायची सोंगं पुरे. येऊन स्वतःची घाण स्वतः निस्तर.'

ह्यांच्या नाकपुड्या फुगल्या. "बोटभर? त्याच्या डोळ्यात फूल पडलंय! उजेड कुठाय इथे?"

पोट धरून हे उठले, बाही नाचवत व्हरांड्यात गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत भेटेल त्या पेशंटला मुंढा कसा कापतात ते समजावत सुटले. डॉक्टरीणबाई समोरून आल्या, "वा, आजोबा!" म्हणाल्या. त्यांनाही ह्यांनी "मध्ये बोलू नका," असं ठणकावलं. आणि तिथेच, भर व्हरांड्यात, वारा सरला. असा सरला की पलीकडच्या वॉर्डातली नर्स धावत आली.

मी भिंतीला टेकून हसले आणि मग तिथेच घळाघळा रडले.

खाटेवर परतल्यावर ह्यांनी बाही वितीने मोजली. "बोटभर कमी आहे खरी," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी पोटात कळ येत होती."

"द्या इकडे. भाऊजी ब्रश मारून जोड लावतील," मी हात पुढे केला.

"घडी घालू नकोस, पुसलं जाईल." त्यांनी बाही उशीखाली सपाट सारली आणि वर डोकं ठेवलं. "त्याला सांग, तोवर गिऱ्हाइकाला एका बाहीचा कोट घालून हिंडू दे. दुसरी मी येऊन कापीन."