नजीरभाईंच्या नावाची गादी

मित्रांनो, मी पिंजाऱ्याचा एक जुना कमठा आहे. कापूस पिंजण्यासाठी केलेला, धनुष्यासारखा वाकलेला, माणसाच्या उंचीएवढा. माझी कहाणी सांगताना माझा आवाज चढला तर चालवून घ्या. मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

माझा जन्म पुसदचा. बाबाराव सुतारांनी मला सागाच्या लाकडातून घडवलं आणि नजीरभाईंनी माझ्या दोन टोकांना स्वतःच्या हातांनी तात, म्हणजे आतड्याची चिवट दोरी, ताणून बांधली. तातीवर लाकडी गोटा आपटला की मी घुमायचो आणि वर्षानुवर्षं अंगाखाली दबून दगड झालेला कापूस फुलून अंगणभर पसरायचा.

नजीरभाई मला सायकलला बांधून गावोगाव हिंडायचे. पहिला ठोका मारण्याआधी 'बिस्मिल्ला' म्हणायचे. दुपारच्या नमाजची वेळ झाली की तातीवर हात ठेवून मला गप्प करायचे. मग दाढीतला, भुवयांतला कापूस झटकायचे, हातपाय धुवायचे आणि कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहायचे. गावातल्या बाया त्यांच्यासाठी कोपरा झाडून ठेवत. रमजानात तर कापसाची धूळ घशात आणि वर पाण्याचा घोट नाही. लोक म्हणत, "नजीरभाई, ह्या महिन्यात तरी काम बंद ठेवा ना."

ते हसून म्हणत, "काम बी इबादतच हाय, बापू. ते कायले बंद ठेवू?"

एकदा एका बड्या घरी लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरायच्या होत्या. घरधनी नजीरभाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वरून नवा कापूस लाव. आत जुनाच दाब. सासरचे काही फाडून पाह्यणार नाहीत."

"मालक, तुमचीच लेक झोपणार हाय त्याच्यावर."

"तुले सांगतो तेवढं कर."

नजीरभाईंनी मला उचलून खांद्यावर घेतलं आणि सायकलकडे निघाले. वाटेत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गादीच्या पोटात माणसाले दिसत नाही. अल्लाले दिसते." त्या दिवशी मला त्यांच्या खांद्यावर असल्याचा जो अभिमान वाटला, तसा पुन्हा कधी वाटला नाही.

भरलेल्या गादीला टाके त्यांची बायको जैबुनबी घालायची. जाड सुई दाबून दाबून तिचा अंगठा लाकडासारखा कडक झाला होता. ह्या दोघांनी गाद्या भरून दोन लेकरं वाढवली. आरिफा लग्न होऊन ढाणकीला गेली. अफरोजने कापूस पिंजायची मशीन आणली आणि मोठ्या रस्त्यावर दुकान टाकलं. नजीरभाई मशीनवर रागावले नाहीत. उलट म्हणाले, "चांगलं झालं. पोराचे फेफडे तरी वाचतील." त्यांची स्वतःची फुप्फुसं वाचली नव्हती. रात्रंदिवस खोकला. मी मागच्या शेडमध्ये बकऱ्यांच्या चाऱ्याशेजारी पडलो. माझी तात उंदरांनी खाल्ली. तरी मला दुःख नव्हतं. काम संपलेल्याने कोपऱ्यात पडावं, त्यात रागावण्यासारखं काय?

मग एका हिवाळ्यात नजीरभाई गेले, आणि पुढच्याच महिन्यात अफरोजला माझी आठवण झाली.

त्याने मला धुतलं, चकचकीत वार्निश फासलं, तातीच्या जागी निळी प्लास्टिकची दोरी बांधली, भोवती रंगीत दिव्यांची माळ गुंडाळली आणि दुकानाच्या भिंतीवर टांगलं. बाहेर मोठा बोर्ड लागला. त्यावर नजीरभाईंचा फोटो आणि खाली 'नजीरभाईंची ईमानदारी, शुद्ध कापसाची गादी'. लोक येत, फोटो पाहत, मला हात लावत आणि गादी घेऊन जात.

गाद्यांत काय भरलं जातं, ते मी भिंतीवरून रोज पाहत होतो. शिंप्यांकडच्या चिंध्या. फाटक्या सोफ्यांचा स्पंज. कुठून कुठून उचलून आणलेल्या, टाकून दिलेल्या गाद्यांचा काळा पडलेला कापूस. मशीनमध्ये सगळं एकदा फिरलं की वर पांढऱ्या कापसाचा पातळ थर. मित्रांनो, ज्या जिल्ह्यात शेत दिसलं की कापूस दिसतो, तिथे हा माणूस बापाच्या फोटोखाली बसून चिंध्या विकत होता! मला ओरडायचं होतं. पण प्लास्टिकच्या दोरीतून आवाज निघत नाही.

एका सकाळी रुखमाबाई ऑटोतून गादी घेऊन आली. तिच्या स्वतःच्या लग्नाची गादी नजीरभाईंनी भरली होती, म्हणून लेकीच्या बाळंतपणासाठी ती डोळे झाकून याच दुकानात आली होती.

"अफरोज, नातीच्या सगळ्या अंगावर पुरळ उठलं रे. डॉक्टर म्हणते, अंथरूण बदला. वास पाह्य ह्या गादीचा."

अफरोजने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "मावशी, तुमच्या घरात ओल असंन. वापरलेला माल वापस होत नाही."

"तुह्या बापानं असं केलं असतं का रे?"

"अब्बाचा जमाना गेला."

दुकानाच्या वरच राहणारी जैबुनबी आवाज ऐकून खाली आली. तिने गादीवर हात फिरवला. आयुष्यभर कापूस चाचपलेला तो हात मध्येच थांबला. तिने गल्ल्याशेजारची कात्री उचलली.

"अम्मी, वर जा. गिऱ्हाईक हाय."

तिने गादी उभी चिरली. चिंध्या बाहेर आल्या, स्पंजचे तुकडे आले, आणि शेवटी जखमेवर बांधलेली, पिवळे डाग पडलेली पट्टी जमिनीवर पडली. रुखमाबाईने तोंडावर पदर धरला. जैबुनबी अफरोजकडे वळली.

"बोर्ड उतरव," ती म्हणाली.

"अम्मी, त्याच नावानं दुकान चालते."

"म्हणूनच म्हणून राह्यली. तुले जे विकायचं ते तुह्या नावानं विक. ह्यांच्या नावानं नाही."

अफरोज हलला नाही. तेव्हा ती स्टुलावर चढली आणि माझ्याभोवतीची दिव्यांची माळ तोडू लागली. अफरोजने माझं दुसरं टोक पकडलं. "अम्मी, हे दुकानाचं हाय!"

"हा तुह्या बापाचा हाय. दुकानाचा नाही."

दोघांनी ओढलं आणि मी मोडलो. वाकणापाशी, कडकन. अफरोजच्या हातात माझा तुकडा राहिला. जैबुनबी उरलेल्या मला पोटाशी धरून खाली उतरली आणि रुखमाबाईच्याच ऑटोत बसली. ऑटो सुटला तरी मुलगा दुकानाबाहेर आला नाही.

तुम्हाला वाटेल, त्याला पश्चात्ताप झाला असेल. नाही झाला. रुखमाबाईने बाजारभर सांगितलं, लोक गाद्या चिरून पाहू लागले, तेव्हा त्याने बोर्ड उतरवला आणि स्वतःच्या नावाचा लावला. आत अजून चिंध्याच जातात.

जैबुनबी आता ढाणकीला आरिफाकडे राहते. मायलेकी सांगेल त्याला गाद्या भरून देतात. कापूस स्वतः निवडतात, दुसऱ्याच्या मशीनवर समोर उभं राहून पिंजून आणतात. पहिली गादी रुखमाबाईच्या नातीची, एवढीशी. तिचे टाके घालताना जैबुनबी रडली नाही. दात आवळून सुई दाबत होती आणि प्रत्येक टाक्याला पुटपुटत होती, "ह्यांच्या फोटोखाली! ह्यांच्या फोटोखाली बसून!"

आरिफाने काचेच्या तुकड्याने माझ्यावरचं वार्निश खरवडून काढलं. आता मी तिच्या दाराशी अर्धा पडून आहे. घुमायचो ते कायमचं बंद झालं.

मित्रांनो, मला जपा, पुसा, टांगा, असं मी म्हणणार नाही. आमच्यासारख्या जुन्या वस्तू खुशाल चुलीत घाला, निदान दोन भाकरी तरी भाजतील. पण एखादा माणूस उपाशीतापाशी राबून, देवाला भिऊन आपलं नाव स्वच्छ ठेवून गेला असेल, तर त्याच्यासारखं काम करा. ते जमत नसेल, तर त्याचा फोटो घरात ठेवा. दुकानात लावू नका.