कडेची परात

सलूहाचा हात मोडला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई जन्मजातच जळकुकडी.

सलूहा माझी धाकटी जाऊ. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच मातीची भिंत. ट्युनिशियातल्या सेजनानच्या या डोंगरात मडकी बायकाच घडवतात, चाकाबिकाशिवाय, नुसत्या हातांनी. मागच्या हिवाळ्यात माती काढताना दरड तिच्या उजव्या हातावर कोसळली. मनगट जुळलं ते वाकडं, आणि दोन बोटं मिटेनाशी झाली. दुष्काळात तेरावा महिना, त्याच हिवाळ्यात माझा दीर स्फाक्सला कामाला म्हणून गेला तो तिकडेच दुसरीच्या घरात राहिला. तीन महिने मी सलूहाला भाकरी नेऊन देत होते. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

मग एक दिवस उठली आणि डाव्या हाताने माती थापायला लागली.

तिथून माझ्या पोटात दुखायला लागलं. तिचे माठ एका अंगाला कललेले. मी असा माठ घडवला असता तर सासूबाईंनी माझ्याच डोक्यात घातला असता. पण शहरातून येणारे लोक त्यावरून हात फिरवायचे आणि वा वा करायचे. गावाला तर दुसरा विषयच उरला नाही. सलूहाचा धीर बघा, सलूहाकडून शिका. विहिरीवर सलूहा, लग्नात सलूहा, मयताला गेलं तरी सलूहा. माझा नवरासुद्धा जेवताना म्हणाला, बाई पोलादाची आहे. मी त्याच्यापुढची कालवणाची वाटी उचलून नेली.

नऊ वर्षं मी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करते आहे. कूस बदलायची, भरवायचं, धुवायचं, आणि उरलेल्या वेळात मडकी. मला कुणी पोलादाची म्हटलं नाही. माझं काही मोडलंच नाही ना, मग लोकांना दिसणार काय?

वर्षातले सात दिवस तेवढे माझे. ट्युनिसच्या मेळ्यात आमच्या वाडीला एक जागा मिळते आणि अकरा वर्षं तिथे मीच बसते. खुर्चीत बसते. चहा दुसरं कुणीतरी आणून देतं. सात दिवस आतल्या खोलीतून ‘हनिया’ अशी हाक येत नाही. यंदा मेळा भरवणारी बाई म्हणाली, या खेपेची भांडी बघून ठरवू, हनिया की सलूहा. वर म्हणाली, सलूहाची गोष्ट लोकांना फार आवडेल. घ्या! अकरा वर्षं मी भांडी विकली, आता गोष्टी विकायच्या.

मी रव्याचं कुसकुस वाढायची परात घडवली, चांगली दीड हात रुंद. खापरं कुटली, भुकटी चाळून मातीत मळली, कारण जुनं खापर पोटात असल्याशिवाय नवी माती आग सोसत नाही. वाळल्यावर शिंपल्याने घोट घोट घोटली. सासूबाईंनी पडल्या पडल्या हात लावून पाहिला आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे परात चांगली होती.

आमची भट्टी म्हणजे उघड्यावरचा जाळ. खाली लाकडं, वर गोवऱ्या, आणि वाडीतल्या सगळ्या बायकांची भांडी एकाच जाळात. रचायचा मान आमच्या घरच्या थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. पश्चिमेची कड वाईट. समुद्राकडून वारा आला की तापलेलं भांडं तिथेच तडकतं. हे पोरीबाळींनाही ठाऊक आहे. मी सलूहाचा माठ नेमका त्या कडेला ठेवला.

मग पेटवण्याआधी रीतीप्रमाणे प्रत्येकीने चिमूटभर मीठ टाकलं. आमच्यात पक्कं मानतात, भांडं फुटतं ते जळक्या नजरेने. तबर्राआत्या आमच्यातली सर्वांत म्हातारी. मीठ टाकता टाकता ती हसून म्हणाली, "आज सलूहाचा माठ तडकला, तर नजर कुणाची ते शोधायला लांब जायला नको." बायका खिदळल्या. खाई त्याला खवखवे, माझी कानशिलं तापली. माठ फुटला तर सलूहा बिचारी आणि मी चेटकीण! मग तर तिचे पोवाडे आणखीच वाढले असते. गोवऱ्या नीट लावायचं निमित्त करून मी माठ आत घेतला. कडेची जागा रिकामी सोडली असती तर दिसलं असतं. हाताशी माझी परातच होती. म्हटलं, आज कुठे वारा आहे.

वारा आला. अर्धा जाळ झाला आणि असा सुटला की राख उडून सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. आम्ही पत्रे आडवे धरले, पण तेवढ्यात खण्ण झालं. आपल्या भांड्याचा आवाज आपल्याला कळतो. राख बाजूला सारली तेव्हा परात मधोमध दुभंगलेली होती. सलूहाचा माठ वाकडा तो वाकडाच, पण अखंड.

मग बायकांनी एकेक करून सलूहाकडे पाहिलं. तबर्राआत्या पुटपुटली, कुणाच्या पोटात काय असतं, देव जाणे. सलूहाने मान खाली घातली. मी बोलू शकले असते, पण नाही बोलले. तिला एकदा तरी कुणी वाईट समजतंय, हे मला फार गोड लागलं.

रविवारी मेळ्याच्या बाईने सलूहाला निवडलं.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर सलूहा माझ्या अंगणात आली. हातात परातीचे तुकडे होते. म्हणाली, भट्टीवरच राहिले होते. मी म्हटलं, फेकून द्यायचे. ती उंबऱ्यावर बसली ती उठेचना. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"नजरबिजर काही नाही गं. कडेला आधी तुझा माठ ठेवला होता मी."

"पाहिलं मी. आत घेताना पण पाहिलं."

"मग बायकांसमोर बोलली का नाहीस?"

ती वाकड्या हाताने तुकड्याची धार चाचपत राहिली. "कारण नजर माझी असेलही, जाऊबाई. मी पडून होते ना, तेव्हा रोज पहाटे भिंतीपलीकडून तुमचं खापरं कुटणं ऐकू यायचं. दोन धड हातांचं. मी म्हणायचे, हिचे हात झडू देत. तुम्ही भाकरी आणायचात तेव्हाही तेच म्हणायचे. लोक म्हणतात, अल्लाने धीर दिला. कसला धीर आणि कसलं काय. एक दिवस इतकी जळले की पडून राहवेना. उठले."

"माझीच भाकरी खाऊन?"

"खाऊन," ती म्हणाली.

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. नऊ वर्षांत माझा हेवा करावा असं कुणाला तरी वाटलं होतं. मी चहा टाकला. दोघी प्यायलो. तुकडे मी फेकले नाहीत.

मंगळवारी पहाटे ती मेळ्याला निघायची होती. आता ही खुर्चीत बसणार, हिला चहा कुणीतरी आणून देणार, या विचाराने माझ्या छातीत नुसती आग. पडून राहवेना. उठले, उखळ ओढत नेऊन भिंतीला खेटून ठेवलं, त्यात परातीचे तुकडे टाकले आणि कुटायला बसले. मुद्दाम जोरात. आतून सासूबाई ओरडल्या, एवढ्या पहाटे काय मांडलंयस गं? भिंतीपलीकडे सामान बांधण्याची खुडबुड थांबली.

"ऐकू येतंय, जाऊबाई," सलूहा म्हणाली.

"येऊ दे," मी म्हटलं आणि पुढचा तुकडा उखळात टाकला.