खिडकीची सीट

"थांब गं, अजून उतरेल."

"काय उतरेल? भाडं, की माझी नजर?"

ह्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. आमच्या ह्यांचं अख्खं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत गेलं. निवृत्तीनंतर तीच चिकाटी त्यांनी विमानाच्या भाड्यांकडे वळवली आहे. इमारतीत कुणालाही कुठंही जायचं असो, आधी आमची बेल वाजते. हे एकच तिकीट चार ठिकाणी शोधतात, मग तेच माझ्या मोबाइलवर शोधतात. आपल्याला निकड आहे हे त्या लोकांना कळलं की भाडं चढतं, असं ह्यांचं ठाम मत. म्हणून घाई दाखवायची नाही. भाजीवालीपुढे टोमॅटोकडे न बघता टोमॅटोचा भाव विचारावा, तसं. मी चेष्टा करते, पण मनातून नवल वाटतं. एका खुर्चीत बसून हा माणूस कुणाकुणाला कुठं कुठं पोचवून आला! आम्ही दोघांनी मात्र विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

ह्या खेपेला तिकीट माझ्यासाठी शोधणं चाललं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला माझ्याच डोळ्याच्या आतला फोटो दाखवला होता. केशरी गोळा आणि त्यात पसरलेल्या लाल फांद्या. साठी उलटली तरी आपल्या आत इतकं देखणं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी खुळ्यासारखी बघत राहिले.

बाई म्हणाल्या, "काकू, कडेकडेनं दिसणं कमी होत येतंय. औषधानं वेग मंदावेल, पण थांबणार नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घ्या."

"बर्फाचे डोंगर," माझ्या तोंडून निघून गेलं. "वरून."

का, ते मलाही सांगता यायचं नाही. जन्मभर लोकांचे कपडे शिवत खाली मान घालून बसले, त्यामुळेही असेल.

घरी येताना हे डोळ्यांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. नंतरही कधी नाही. फक्त मोबाइल घेऊन बसू लागले. भाडं चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, आणि हे "अजून उतरेल" म्हणत तग धरून बसायचे. माझा जीव टांगणीला. एका सकाळी टेबलाच्या कडेचा कप मला दिसलाच नाही. कोपर लागून तो खाली पडला. ह्यांनी काचा गोळा केल्या, आणि दुपारी मी भांडी घासत होते तेव्हा बाहेरून ओरडले, "काढलं!"

काय ती बडबड मग! "सकाळचं विमान. डोंगर डाव्या हाताला येतात, म्हणून सीट डावीकडची. खिडकीची! आणि सांगू का, बाकीच्या खिडक्यांपेक्षा स्वस्त. एकच उरली होती, मी झडप घातली. शेजारची माझी."

जणू विमानच पदरात पाडून घेतलं होतं.

त्या सकाळी विमानतळाच्या काचांशी मी थबकले. एवढी मोठी धुडं जमिनीवरून उठतात हे टीव्हीवर पाहणं वेगळं आणि समोर पाहणं वेगळं. हे मला हाताला धरून पुढं नेत होते. आत शिरलो, आमची रांग सापडली, मी सरकून आत बसले आणि डावीकडे वळून पाहिलं.

भिंत. पुढच्या रांगेला खिडकी, मागच्या रांगेला खिडकी, आमच्या रांगेला नुसता पांढरा पत्रा.

ह्यांनी सीटचा नंबर ताडून पाहिला. पुन्हा ताडून पाहिला. मग हात लांबवून भिंतीवर टकटक केलं, एखादं झाकण उघडेल अशा आशेनं. शेवटी मोबाइल काढून तिकिटाखालचा मुंगीएवढा मजकूर वाचला आणि मोबाइल खिशात ठेवला.

"ह्या रांगेला खिडकी नसते म्हणे. म्हणून स्वस्त होती," ते म्हणाले.

माझ्या जिभेवर टोमणा अगदी तयार होता. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी तो गिळला. पुढच्या माणसानं तर आपल्या खिडकीची झडप ओढून डोळेही मिटले होते. देव देतो कुणाला आणि खातं कोण!

विमान धावायला लागलं. कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तसं झालं, आणि खालची खडखड एकदम थांबली. काही दिसत नव्हतं, तरी अंगावर काटा आला.

बऱ्याच वेळानं डाव्या बाजूचे लोक एकाएकी "अहाहा" करू लागले. हे ताडकन उठले. उभ्या जन्मात कुणाकडे कसली विनवणी न केलेला माणूस, हवाई सुंदरीसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, विमान भरलंय. सीट बदलून नाही देता येणार," ती म्हणाली.

"सीट नको. चूक माझी आहे, मी स्वस्तातली घेतली." ह्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "हिला दिसायचं बंद होत चाललंय. हिला कुठंही दोन मिनिटं उभी करा. बाहेर दिसेल असं कुठंही."

'दिसायचं बंद' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

त्या पोरीनं माझा हात धरला आणि मला पार मागे, दाराशी नेलं; हेही मागोमाग आले. दाराला बशीएवढी काच होती. मी कपाळ टेकवलं.

काय सांगू! खाली ढग, आणि ढगांतून वर आलेले डोंगर. एकामागे एक, एकामागे एक, नजर पोचेल तिथवर. टोकांवर ऊन पडलेलं, आणि घड्यांमध्ये निळी सावली. माणूस नाही, रस्ता नाही, आवाज नाही. हे सगळं रोज असं असतं, आपण खाली काजं-बटणं करत असतो तेव्हाही असतं, ह्या विचारानं मला रडू फुटलं. काच लहान होती, पण मला दिसण्यापुरतं जे उरलंय तेही तेवढंच आहे. काही कमी पडलं नाही.

"अहो, तुम्ही या आता," मी वळून म्हटलं. तेवढ्यात पट्टे बांधायचा दिवा लागला. विमान हादऱ्यांत शिरलं होतं. पोरगी कळवळून म्हणाली, "काका, आता बसावंच लागेल."

आम्ही भिंतीशेजारी येऊन बसलो. ह्यांना काहीच दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगू लागले. ढग, ऊन, निळी सावली. पाहते तर ह्यांनी डोळे घट्ट मिटलेले.

"झोपलात की काय?"

"नाही. हळूहळू सांग," ते म्हणाले. "कसं सांगितलं की डोळे मिटून दिसतं, ते शिकतोय. पुढं मलाच सांगायचंय तुला."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून, हळूहळू सांगू लागले.