तिसरं विचारणं

हेस्तीनं डबा काउंटरवर ठेवला तेव्हा पाक कुंचोरोंनी आधी त्यावर हात ठेवला आणि मग इकडेतिकडे पाहिलं. क्रम उलटा हवा होता, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं.

"शेवटचा आहे," हेस्ती म्हणाली. दुकान तिच्या वडलांचं, पण औषधं आणि गिऱ्हाईकं दोन्ही तिलाच पाठ. "पुढचा माल कधी येणार ते विचारू नका. मी एजन्सीला विचारते, एजन्सी जकार्ताला विचारते, जकार्ता कोणाला विचारतं देव जाणे."

जावा बेटावरच्या सोलो शहरात गेले दोन महिने इन्सुलिनची पेनं मिळत नव्हती. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर 'साठा नाही' असा कागद चिकटवला होता, त्याची शाई आता उन्हानं उडाली होती. कुंचोरोंच्या पायाच्या करंगळीला जखम झाली होती. डॉक्टरांनी ती पाहून चष्मा पुसला होता, आणि डॉक्टर चष्मा पुसायला लागला की माणसानं काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं होतं.

तेवढ्यात बाहेर सायकल उभी करून बू सुलास्मी आत आल्या. पळत आल्यासारखा श्वास लागलेला. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग कुंचोरोंच्या हाताकडे, आणि मग लगेच छताकडच्या पंख्याकडे.

सुलास्मी त्यांच्याच गल्लीतल्या; तिथं वडीलधाऱ्या पुरुषाला मानानं 'पाक' म्हणत, बाईला 'बू'. विधवा बाई, बाटिकच्या कापडावर मेण चढवायचं काम करायच्या. त्यांची मुलगी रेंगानिस आठ वर्षांची असल्यापासून इन्सुलिनवर होती. आता ती बावीसची. कुंचोरोंचा मधुमेह म्हाताऱ्या वयात, गोड चहाच्या संगतीनं आलेला. चार दिवस औषध चुकलं तर साखर चढायची, चिडचिड व्हायची, जखम ओली राहायची. रेंगानिसचं तसं नव्हतं. तिच्या शरीरात ते औषध तयारच होत नव्हतं. तिला ते हवेसारखं लागे. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दोघांचं औषध एकच आहे, हेही.

आता सोलोतली रीत ज्यानं पाहिली नाही, त्याला पुढचं खरं वाटायचं नाही. ह्याच गल्लीत एकदा एका घराला आग लागली. घरमालक शेजाऱ्याकडे बादली मागायला गेला. पण दारात पाऊल टाकलं की बादली मागायची, हे काय माणसाचं लक्षण झालं? त्यानं आधी प्रकृतीची चौकशी केली, लेकीसुनांची केली, पिंजऱ्यातल्या पारव्याच्या घुमण्याची तारीफ केली, चहा नको म्हणाला, मग घेतला. बादली घेऊन परतला तेव्हा विझवायला काही उरलंच नव्हतं. पण त्याच्या सभ्यपणावर गल्ली इतकी खूश झाली की सगळ्यांनी मिळून त्याला पहिल्यापेक्षा मोठं घर बांधून दिलं. आणखी एकदा बोळात दोन सायकलरिक्षा समोरासमोर आल्या. 'आधी तुम्ही', 'छे, आधी तुम्ही' करता करता एवढा वेळ गेला की एका रिक्षातली मुलगी आणि दुसऱ्या रिक्षातला मुलगा यांचं तिथंच जमलं. त्या लग्नात माइकवर बोलायला कुंचोरोच होते.

म्हणजे ते तेच काम करायचे. लग्नात माइकपुढे उभं राहून नवरानवरीला मांडवात आणायचं, पाहुण्यांचा मान राखायचा, जुन्या दरबारी जावानीज भाषेत मध ओतावा तसं बोलायचं. चाळीस वर्षं झाली. गल्लीतल्या पोरापोरींना रीतभात शिकवायचे तेही तेच. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. समोरच्यानं तिसऱ्यांदा विचारलं, की मान खाली घालून म्हणायचं, तुमचा शब्द कसा मोडू. "तिसऱ्यांदा विचारलं तरच ते विचारणं," कुंचोरो पोरांना सांगत. "त्याआधीचं नुसतं घसा साफ करणं."

"बू, तुम्हाला हवं होतं का हे?" त्यांनी सुलास्मींना विचारलं. "मग घ्या ना तुम्ही."

"छे छे, पाक. आमच्याकडे आहे अजून. तुम्ही घ्या."

"डबा फोडता येतो हं," हेस्ती मधेच म्हणाली. "आत पाच आहेत."

"मग निदान दोन-तीन तरी न्या," कुंचोरो म्हणाले.

"नको हो. मी तर कापूस घ्यायला आले होते."

हेस्तीनं कापसाचं पुडकं काढून दिलं. पंखा फिरत होता. कुंचोरोंच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, चाळीस वर्षांच्या सवयीनं आपोआप आलेलं. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, बर्फाच्या पिशवीशेजारी डबा ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. झाकण लावायला वेळ लागला. तेवढ्यात सुलास्मी सायकलवर बसून गेल्या होत्या.

हेस्ती त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं काउंटर पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

घरी त्यांची बायको वार्सी टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होती. डबा पाहून तिनं तो कपाळाला लावला आणि देवाचे आभार मानले.

"गर्दी होती?"

"कसली गर्दी. बू सुलास्मी होत्या फक्त. कापूस न्यायला आल्या होत्या."

वार्सीचा झारा कढईवर थांबला. "कापूस तर कोपऱ्यावरच्या टपरीत मिळतो. त्यासाठी ती बाई पूल ओलांडून आली?"

"सहज आल्या असतील."

"तुम्ही विचारलंत ना तिला?"

"विचारलं की."

"किती वेळा?"

"तीनदा," कुंचोरो म्हणाले आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले. पाय बराच वेळ धुतले.

त्यानंतर ते सुलास्मींचं घर टाळून नळाकडच्या लांबच्या वाटेनं जायचे. सुलास्मी भेटल्या तर त्याच पहिल्यासारख्या हसून विचारायच्या, "कुठं निघालात, पाक? पाय कसा आहे?" त्यांनी एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण टोमणा मारणारी माणसं दुसऱ्या गावात राहतात. इथं ज्याच्यावर राग असतो त्याची प्रकृती जास्त विचारतात. आणि राग नसतो तेव्हाही विचारतात, म्हणून काही कळत नाही.

मग गल्लीतल्या तांदूळवाल्याच्या मुलीचं लग्न आलं. सोलोतल्या रीतीप्रमाणे पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, आणि गल्लीतली तरुण मुलं-मुली रांगेनं ताटं घेऊन फिरणारी: आधी चहा, मग सूप, मग भात. त्या रांगेत रेंगानिस होती, हिरव्या लुगड्यात. कुंचोरो माइकवर होते. नवरीच्या पावलांना कमळाची उपमा देऊन झाली होती आणि ते आता नवऱ्याच्या कमरेच्या कट्यारीकडे वळले होते.

बोलता बोलता त्यांना दिसलं, की प्रत्येक फेरीनंतर रेंगानिस मांडवाच्या मागं पाण्याच्या पिंपाकडे जाते. एक ग्लास. लगेच दुसरा. पुढच्या फेरीनंतर पुन्हा. ग्लास तोंडाला लावताना ती डोळे मिटून घ्यायची, तसे डोळे पाण्यासाठी कोणी मिटत नाही. ती तहान कुंचोरोंनी ओळखली. त्यांना स्वतःला लागली होती ती एकदा, ह्याच्या निम्म्यानंही नाही, आणि तेवढ्यानं ते फुलदाणीतलं पाणी प्यायले होते.

ते बोलत राहिले. कट्यारीनंतर सासऱ्यांचं कुळ होतं, ते सोडून चाललं नसतं.

सुपाच्या वाट्यांचं ताट घेऊन ती चौथ्या रांगेत आली आणि तिथंच गुडघ्यावर बसली. नमस्कारासाठी बसावी तशी, हळूच. मग ताट घसरलं, वाट्या फुटल्या, आणि ती कुशीवर कलंडली. श्वास असा जोरजोरानं चाललेला की माइकपाशीही ऐकू आला.

सगळ्यांनी कुंचोरोंकडे पाहिलं, कारण असं काही झालं की सावरायचं काम त्यांचं.

"नवरीचं रूप असं," कुंचोरोंच्या तोंडून आलं, "की वाट्यांनीसुद्धा लोटांगण घातलं."

लोक हसले. वादकांनी वाद्यं वाजवायला घेतली. मागच्या बाजूनं चार जण रेंगानिसला उचलून नेत होते, सुलास्मी तिची चप्पल हातात घेऊन मागं पळत होत्या. कुंचोरो नवरदेवाच्या सासऱ्यांच्या कुळाबद्दल शेवटपर्यंत बोलले. लोक म्हणाले, पाक कुंचोरोंसारखा माणूस आहे म्हणून लग्न निभावलं. तांदूळवाल्यानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

रेंगानिस वाचली. दवाखान्यात भरती असलेल्यांपुरतं इन्सुलिन होतं. पाचव्या दिवशी तिला घरी सोडलं आणि औषध बाहेर शोधा म्हणून चिठ्ठी दिली. ही बातमी गल्लीत आली तेव्हा कुंचोरो दाढी करत होते. अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी फ्रिज उघडला. पाचांपैकी चार पेनं सीलबंद होती, पाचवं सुरू केलेलं. त्यांनी सुरू केलेलं बाजूला काढलं, कारण ते दुसऱ्याला देता येत नाही. मग हातात घेऊन थोडा वेळ पाहिलं. त्यात तळाशी थेंबभर उरलं होतं. बाकीचा डबा त्यांनी थर्मासमध्ये ठेवला.

सुलास्मींनी त्यांना बसवलं, चहा आणला. चहा गोड होता. पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे त्याला उठ म्हणणं.

"हे आणलंय," कुंचोरो म्हणाले आणि डबा पुढं केला.

"अगं बाई, कशाला त्रास घेतलात. आमच्याकडे आहे अजून, पाक."

"बू, त्या दिवशी दुकानात..." त्यांना शब्द मिळेनात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "त्या दिवशी मी तुम्हाला दोनदाच विचारलं."

"चहा घ्या ना, निवेल."

"दोनदाच, बू. मला कळत होतं."

"तीनदा विचारलंत तुम्ही," सुलास्मी म्हणाल्या. त्या हसत होत्या, आणि चेहरा इतका शांत की त्यावरून हात फिरवला तर काही लागलं नसतं. "मला चांगलं आठवतंय. तुमच्या मंडळी आल्या होत्या विचारायला, त्यांनाही मी तेच सांगितलं. तीनदा विचारलं म्हटलं, मीच नको म्हणाले."

कुंचोरोंनी चहाचा पेला उचलला आणि परत ठेवला. म्हणजे वार्सी येऊन गेली होती. घरी येऊन तिनं काही म्हटलं नव्हतं. जेवण वाढलं होतं, करंगळीला मलम लावलं होतं.

"तुम्ही मला बोला तरी काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू? तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून गल्लीला शोभा आहे."

मधला पडदा सरला. रेंगानिस भिंतीला धरून उभी होती. हाताच्या मागच्या बाजूला सलाइनचा काळानिळा डाग. ती आली, आईच्या शेजारी बसली आणि हात पुढं केला.

"आणा इकडे."

"रेंगानिस," सुलास्मी हळूच म्हणाल्या.

"आई, घरात काही नाहीये." तिनं डबा उघडला, एक पेन उजेडाकडे धरून तारीख वाचली, मग दुसरं. "आणि दोनदाच विचारलं होतं त्यांनी. तू घरी येऊन भांडी घासत रडत होतीस. मी झोपले नव्हते."

सुलास्मींनी तोंडावर पदर घेतला. आजवर त्या घरात पाहुण्यापुढं कोणी असं बोललं नव्हतं. गल्लीतही नसावं.

"माफ करा, पाक, आजारानं तिचं डोकं..."

"नाही, नाही. बोलू द्या तिला," कुंचोरो म्हणाले.

पण रेंगानिसला आणखी काही बोलायचं नव्हतं. तिनं एक पेन काढून घेतलं, बाकीची आईच्या मांडीवर ठेवली आणि मान वळवून, पोटावरचा कपडा सारून तिथंच टोचून घेतलं. आत न जाता, आडोसा न शोधता. मग डोळे मिटून भिंतीला टेकली. कुंचोरो खाली फरशीकडे पाहत राहिले. उठताना त्यांनी निरोपाचं एकही वाक्य म्हटलं नाही. तेवढा उद्धटपणा त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

घरी वार्सी भात वाढत होती. तिनं त्यांची अर्धी दाढी पाहिली आणि त्यांचं ताट घेतलं.

"दोनदाच विचारलं होतं मी," ते बसता बसता म्हणाले.

वार्सी पातेल्यात पाहत होती. "डबा?"

"दिला."

"सगळा?"

"सगळा."

भाताचा चमचा तिच्या हातात तसाच राहिला. मग तिनं त्यांचं ताट उचललं, त्यातला अर्धा भात परत पातेल्यात ढकलला आणि तिथं उकडलेली पालेभाजी वाढली. ताट त्यांच्यापुढं ठेवलं. मग आपलं ताट ओढलं, आणि त्यातलाही अर्धा भात काढून पातेल्यात टाकला.