कधीच न भरणारा पेनड्राइव्ह

ब्रदर डेलमर पिकेटनं अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह उंच धरला, आणि चर्चच्या तळघरातला अख्खा हॉल चिडीचूप झाला.

"शास्त्रात सांगितलेल्या, देवावर भरवसा ठेवणाऱ्या सारफथच्या विधवेच्या मडक्यातलं पीठ संपलं का?"

"नाही," हॉल म्हणाला.

"तिच्या कुपीतलं तेल आटलं?"

"नाही."

"मग हा भरेल का?"

"नाही."

पीठ न संपण्याचा आणि पेनड्राइव्ह न भरण्याचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारायला शेवटच्या रांगेतल्या वर्ना होबर्टची जीभ वळवळत होती. मिसुरीतल्या या डोंगराळ गावात तिनं आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. समोर माना डोलावणाऱ्यांतले निम्मे तिच्याच हाताखालून गेलेले. घातलेलं सगळं खत वाया गेलं म्हणायचं, असं तिच्या मनात आलं.

ऑर्विल स्टाइल्स उठून साक्ष देऊ लागला. "मी हरणांच्या शिकारीचे सगळे फोटो टाकले. नातवंडांचे टाकले. ट्रॅक्टर दुरुस्तीचे व्हिडिओ टाकले. भरतच नाही हो."

"भरणार कसा, ऑर्विलभाऊ? मी हात ठेवून प्रार्थना केलीय त्याच्यावर." ब्रदरनं डोळे मिटले. "पण ध्यानात ठेवा. मागे वळून बघू नका. जुनं उघडून तपासू नका, दुसरी प्रत काढू नका. प्रत काढणं म्हणजे देवाला सांगणं, की तुझ्यावर भरवसा नाही. रानात मान्ना, देवानं धाडलेलं अन्न, आकाशातून पडलं तेव्हा ज्यांनी भरवसा ठेवला नाही, त्यांच्या मान्नात काय पडलं?"

"किडे."

"तुमच्याही पडतील."

लबाडानं पळवाट आधीच बांधून ठेवली होती. माल चांगला निघाला तर प्रार्थनेचं फळ, खराब निघाला तर गिऱ्हाइकाचं पाप. शिवाय आज 'जुनी भांडी' वाहायचा दिवस. लोकांनी आपापले लॅपटॉप आणून वेदीपुढे ठेवायचे, ब्रदर ते पुसून कोरे करणार आणि गरिबांना वाटणार. कुठल्या गरिबांना, ते कुणी विचारलं नव्हतं.

वर्नाची धाकटी बहीण आयर्लीन पुढच्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नवरा क्लेट गेल्या ऑक्टोबरात गेला. फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवायचा. बापाकडून आलेल्या धुना, सगळ्या कानानं शिकलेल्या, कागदावर एकही नाही. आयर्लीननं त्या रेकॉर्ड करून ब्रदरच्या पेनड्राइव्हवर टाकल्या होत्या, आणि क्लेटच्या मागे तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

वर्नानं तिला दंडाला धरून चर्चच्या स्वयंपाकघरात नेलं.

"लॅपटॉप द्यायचाच तर दे. पण आधी पेनड्राइव्हवरची एक धून मला ऐकव."

आयर्लीनचा चेहरा पांढराफटक पडला. "नको, ताई."

"का नको?"

"तू नेहमी असंच करतेस. प्रत्येक गोष्टीत खुसपट." आणि ती डोळे पुसत बाहेर गेली.

बहिणीशी वाद घालून उपयोग नव्हता. काट्यानंच काटा काढायला हवा होता. तिनं गाडीतून स्वतःचा लॅपटॉप आणला आणि थेट ब्रदरपुढे जाऊन उभी राहिली.

"मलाही एक द्या, ब्रदर."

हॉलमध्ये कुजबूज झाली. होबर्टबाई शरण आल्या. ब्रदरची छाती फुगली.

"पण शुभारंभ तुमच्या हातानं व्हावा," वर्ना गरीब गायीसारखी म्हणाली. "आधी तुमचं प्रवचन भरा. मागून मी माझं किडुकमिडुक भरीन."

त्यानं विकायला आणलेल्या पेनड्राइव्हच्या पेटीतून स्वतः एक निवडला, 'विधवेचं मडकं' हे प्रवचन स्वतःच्या हातानं त्यावर घातलं आणि वाजवून दाखवलं. खणखणीत वाजलं. मग जेवणं सुरू झाली. बटाट्याचं सॅलड, तळलेली कोंबडी, ॲपल पाय. टेबलाच्या कडेला बसून वर्ना पेनड्राइव्हवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घालत राहिली: तालुक्याच्या बाजारातल्या गुरांच्या लिलावाचं दिवसभराचं रेकॉर्डिंग. पहिली प्रत, दुसरी प्रत, मग आणखी. जेवणं आटोपली, दोन स्तोत्रं गाऊन झाली, तरी तिचं चालूच.

"भरला का, बाई?" ब्रदरनं मोठ्यानं विचारलं.

"कुठला भरतोय. अजून ढीगभर जागा दाखवतोय."

"हालेलुया," हॉल म्हणाला.

"आता तो काढून पुन्हा लावते, आणि तुमचं प्रवचन ऐकू या."

ब्रदरचं हसू जागच्या जागी थिजलं. "बाई, संशयानं उघडू नये."

"माझ्या मनात संशय आहेच हो. म्हणून तर म्हणते, तुम्हीच उघडा. तुमची श्रद्धा पक्की आहे ना?"

सगळा हॉल बघत होता. ब्रदरनं 'विधवेचं मडकं'वर बोट दाबलं. स्पीकरमधून लिलाववाल्याची न थांबणारी टकळी बाहेर पडली: लाल गाय, दुसऱ्या वेताची, बोला कोण वाढवतंय, बोला, बोला.

कुणी हसलं नाही.

"किडे," ब्रदर पुटपुटला. "हिच्या संशयाचे..."

"प्रवचन तुमचं. पेनड्राइव्ह तुम्ही निवडला. घातलंत तुम्ही, उघडलंतही तुम्ही. मग संशय कुणाचा?" वर्ना आता गरीब गाय राहिली नव्हती. "आणि शास्त्रातले किडे उरवून ठेवणाऱ्यांच्या मान्नात पडले होते. तपासणाऱ्यांच्या नाही. वाचा जरा."

मग ती लोकांकडे वळली. "यात जागा आहे आठ जीबी. पण आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलंय. कॉम्प्युटरनं विचारलं, किती जागा, की ती सांगते दोन हजार. आठ भरले की ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागते, जुन्यावर. फाइलींची नावं तेवढी राहतात, आतला मजकूर गेलेला असतो. म्हणून हा भरत नाही. असला माल बाजारात पोत्यानं मिळतो. ऑर्विल, तुझे हरणांचे फोटो उघडून बघितलेस?"

ऑर्विलनं मान खाली घातली. "उघडत नाहीत, बाई. मागच्या महिन्यातच कळलं."

"बोलला का नाहीस?"

"वाटलं, माझ्याच मनात पाप असेल."

हळूच एक हात वर झाला. मग दुसरा. मग कितीतरी. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण शरमेनं गप्प होता. आपली बायकापोरं काय म्हणतील, या भीतीनं वरून साक्षी देत होता. या माणसाचा चमत्कार तेवढाच, चांगल्या माणसांना स्वतःची लाज वाटायला लावायची. वर्नाला त्या माणसाची किळस आली.

ब्रदरला एकाएकी शेजारच्या तालुक्यातला कुणी आजारी आठवला. पेटी उचलून तो दाराकडे सटकला; ऑर्विल वेदीपुढच्या लॅपटॉपच्या ढिगासमोर जाऊन उभा राहिला, म्हणून ते तेवढे वाचले.

आयर्लीन वर्नाजवळ आली. "मीही बघितलं होतं, ताई. फेब्रुवारीत. क्लेटची पहिलीच धून लावली, ती उघडेचना. मी उपास धरले. रडून रडून माफी मागितली. म्हटलं, माझ्या अश्रद्धेनं क्लेटची धून नासली."

"तुझ्यामुळे काही नासलेलं नाही."

"या लॅपटॉपवर आहेत काही, लग्नानंतरच्या. पण शेवटच्या उन्हाळ्यातल्या सगळ्या फोनवर होत्या."

"फेब्रुवारीत फोनवर होत्या?"

"होत्या. मार्चमध्ये पुसल्या. ब्रदर म्हणाला, पूर्ण भरवसा दाखव."

वर्नानं तिचा हात धरला. धीर द्यायला खोटं बोलता आलं असतं.

"फेब्रुवारीत मला विचारलं असतंस, तर सगळ्या वाचल्या असत्या."

आयर्लीन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. तिला कुणी गप्प केलं नाही.

वाचकहो, अस्सल पेनड्राइव्हसुद्धा हरवतो, भिजतो, एके दिवशी मुकाट्यानं मरतो. तो ने-आण करायला ठीक; जपायच्या गोष्टीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मधूनमधून उघडून बघा. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, तपासू नका, तपासलंत तर पाप लागेल, तर त्याच दिवशी तपासा. काही बिघडलेलं दिसलं तर लाजू नका, उपास धरू नका. शेजाऱ्याला विचारा. त्याच्याही घरी तेच झालेलं असेल.